दुरुस्तीचा निकाल

परीक्षकाने स्वतःची उत्तरपत्रिका तपासू नये, हा नियम मी तीस वर्षे पाळीत आलो. परंतु गेल्या महिन्यात माझ्याच मस्तकाला गुण देण्याचा प्रसंग मजवर आला.

तारुण्यात टक्कल दिसू लागताच मी केशारोपण करून घेतले होते. डोक्यामागचे केस पुढे आणून लावले तरी ते आपला मूळचा टिकाऊ स्वभाव सोडीत नाहीत, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडले. तत्त्व खरे, पण जुनी पद्धत सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या चकत्या लावण्याची. माझ्या वाट्याला तीच आली, आणि कपाळावर भाताच्या चुडांप्रमाणे झुबके उभे राहिले! त्यानंतर पंचवीस वर्षे मी टोपी सोडली नाही, आणि केस कापण्याचे काम घरच्या घरी सौभाग्यवतींनी केले.

गेल्या वर्षी दुरुस्ती झाली. झुबके काढून, त्यांतील मुळे सुटी करून, एक-एक, दोन-दोन केसांची रोपे पुन्हा लावली गेली. लावलेले बहुतेक केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे डोकावतात, आणि खरा निकाल वर्षाखेरीस लागतो. तोवर धीर धरून, वर्ष भरताच मी त्याच खिडकीच्या उजेडात, केस ओले करून, जुने-नवे फोटो शेजारी मांडले. कपाळावरची रेषा स्वाभाविक दिसत होती. दाटी बेताचीच, कारण मागची पुंजी पहिल्या खेपेसच उधळली गेली होती. मागचे व्रण मात्र जसेच्या तसे. मी साठ गुण दिले.

दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयात गेलो. पुढचे केस कापताना कारागीर काहीच बोलला नाही. मागे येताच कात्री थांबली.

“सर, इथं काय झालं होतं?”

या प्रश्नासाठी मी दोन-तीन खोटी उत्तरे वर्षानुवर्षे तयार ठेवली होती. त्या दिवशी कोण जाणे कसे, खरे तेच सांगून गेलो.

“अस्सं! मग मागं जरा लांबच ठेवतो,” तो म्हणाला, आणि कात्री पुन्हा चालू झाली. ज्या प्रश्नाच्या भीतीने मी अर्धे आयुष्य टोपीखाली काढले, तो एवढ्यातच संपला!

घरी परतताना वारा समोरून येत होता. टोपी खिशात होती.