सिंहगडाची रविवारची वारी

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ३० किलोमीटरांवर सिंहगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,३०० मीटरांच्या घरांत. १६७० सालीं तानाजी मालुसरे येथेंच धारातीर्थीं पडले आणि १७०० सालीं छत्रपति राजाराममहाराजांनीं येथेंच देह ठेविला. हा इतिहास मीं शाळेंत कित्येक वर्षें शिकविला. परंतु आतकरवाडीकडून वर जाणारी पाऊलवाट पायांखालीं घालण्याचा योग मात्र पासष्टीच्या उंबरठ्यावर आला. त्याला कारण झाली पंढरीची वारी.

माझ्या कुटुंबाला वारीची फार ओढ होती. माउलींची पालखी पुण्यास मुक्कामीं आली कीं दर्शनास जावयाचें आणि परतल्यावर एकच म्हणावयाचें, “एकदां तरी चालत जाऊं या.” मी संस्कृताचा अभिमानी. देव सर्वव्यापी असतां त्याच्या भेटीसाठीं आळंदीपासून अडीचशें किलोमीटर पायपीट कशाला, असा युक्तिवाद करून मीं तिला दर वर्षीं गप्प बसवीत असें. तीन वर्षांपूर्वीं ती गेली. युक्तिवाद जिंकला होता. घर मात्र रितें झालें होतें. तिची राहिलेली वारी आपण करावी असें मीं ठरविलें, तें श्रद्धेनें नव्हे, अपराधाच्या टोंचणीनें.

शेजारच्या एका गृहस्थांनीं मला त्यांच्या दिंडींत नेलें. ही मंडळी चैत्रापासून चालण्याचा सराव करितात. आठवड्यांतून दोनदां पहांटे पर्वती आणि दर रविवारीं सिंहगड. पाठीवर दोन शेर तांदळाची पिशवी. मंडळींत एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपी, बँकेंतील एक कारकून, दोन शिक्षिका. आणि सर्वांच्या म्होरक्या कोण, तर मंडईंत भाजी विकणाऱ्या एक बाई. त्यांना सारे आक्का म्हणत.

पहिल्या रविवारीं अर्धी चढण होते न होते तोंच माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी चालूं लागली. वाट उभी, दगडगोट्यांची. उन्हाळ्यांत सावलीही फारशी नाहीं. माझी तांदळाची पिशवी शिंप्यानें न विचारतांच स्वतःच्या खांद्यावर घेतली. आक्का म्हणाल्या, “गुरुजी, गड काय पळून जातोय व्हय? पाऊल बारीक टाका. अन् नाम श्वासाला बांधून घ्या.” प्राणायामावर मीं व्याख्यानें दिलीं होतीं, त्याचा उपयोग त्या दिवशीं कळला.

पुणें दरवाजाशीं पोंचलों तों सारी मंडळी उभी. गडावर मडक्यांतलें दहीं आणि पिठलें-भाकरी घेऊन विक्रेते बसलेले असतात. पण शेवटचा मनुष्य दरवाजाशीं येईपर्यंत कोणीं घोटभर ताकसुद्धां घ्यावयाचें नाहीं, असा दिंडीचा नियम. शेवटचा अर्थातच मी. पुढचे चार रविवार हेंच घडलें. मला ती दया वाटे, आणि दयेचा मला राग येई. एकदां मीं चिडून म्हटलें, “माझ्यासाठीं खोळंबूं नका.” आक्का शांतपणें म्हणाल्या, “मागल्याला टाकून म्होरं गेली, तर ती दिंडी कसली?”

हळूहळू पाय तयार झाले. ज्येष्ठांतील एका रविवारीं दिंडींत एक नवा तरुण आला. अंगानें धडधाकट, पण त्यानें आरंभींच धांव घेतली आणि अर्ध्या वाटेवर दगडाला टेकून बसला. मी तेव्हां वर पोंचलों होतों. घसा कोरडा, समोर देवटाक्याच्या गार पाण्याचा हंडा. तरी हात पुढें होईना. डोळे सारखे खालच्या वळणाकडे. वीस-पंचवीस मिनिटांनीं त्याचें डोकें दिसलें आणि मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगतां येत नाहीं. त्याच क्षणीं उमगलें कीं, चार रविवार माझ्यासाठीं उभ्या असलेल्या मंडळींच्या मनांत दया नव्हती. हाच आनंद होता.

आणि मग दुसरें कांहीं तरी उमगलें. पांडुरंगाष्टक मीं चाळीस वर्षें म्हटलें, पुंडलीकाची कथा मुलांना सांगितली. मातापित्यांच्या सेवेंत गुंतलेल्या भक्तानें वीट फेंकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. देव सर्वव्यापी आहे हें माझें म्हणणें खोटें नव्हतें. पण तो थांबणारा आहे, उशीर करणाऱ्याचीही वाट पाहणारा आहे, हें मला सिंहगडाच्या दरवाजांत कळलें. घरांतही कोणी तरी वर्षानुवर्षें कमरेवर हात ठेवून माझ्यासाठीं थांबलें होतें. तें मीं पाहिलें नाहीं.

त्या वर्षीं पालखीबरोबर दिवे घाट चढलों. येथें माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावितात. माणसांना एकमेकांचा आधार. पाऊस बारीक होता. आमच्या घरचें लहान पितळी तुळशीवृंदावन आक्कांनीं आपल्या डोक्यावर घेतलें होतें. माथ्यावर पोंचल्यावर वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणें मीं त्यांच्या पायांशीं वांकलों, तोंच त्या माझ्या पायांशीं वांकल्या. नंतर दोघेही बाजूस उभे राहिलों. आमचे दोघे-तिघे अजून खालच्या वळणावर होते.