गिऱ्हाईक कुठून आलं?

आमच्या गटाची तूर डाळ विकायची वेबसाईट भाच्यानं काढून दिली, तिला आता दुसरं वर्ष. यंदा गटात वाद सुरू आहे, जाहिरातीला पैसे टाकायचे का? काही सभासदांचं म्हणणं, व्हॉट्सॲपवरून कोणी येतच नाही, गुगल ॲनालिटिक्समध्ये त्याचं नावच दिसत नाही. निम्म्याहून जास्त लोक 'डायरेक्ट' खात्यात. पैशाचा प्रश्न, म्हणून भाच्याजवळ बसून हे गणित समजून घेतलं.

बाजार समितीच्या गेटवर गाडीची नोंद होते, तसंच हे. दुसऱ्या साईटवरच्या लिंकवर बोट दाबलं की मोबाईल आपल्या साईटला सांगते, मी अमक्या ठिकाणाहून आलो. याला रेफरर म्हणतात. गुगलवर शोधून आलेला 'ऑर्गॅनिक सर्च'मध्ये पडते. त्याचा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही बाप्पा, आमचा एक सभासद उगाच खूश झाला होता!

व्हॉट्सॲप मात्र बहुतेक वेळा गाव सांगतच नाही. ज्यानं गाव सांगितलं नाही तो 'डायरेक्ट'. म्हणजे आपल्याच ग्रुपवरून आलेली माणसंही त्याच ढिगात आहेत.

यावर उपाय आहे. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, तसा लिंकच्या शेवटी टॅग लावायचा. त्याला यूटीएम म्हणतात. त्यातला यू म्हणजे अर्चिन, ही कंपनी गुगलनं 2005 मध्ये घेतली अन् त्यातूनच ॲनालिटिक्स निघालं. ग्रुपच्या लिंकला एक टॅग, डाळीच्या पिशवीवरच्या क्यूआर कोडला दुसरा, डिसेंबरात अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या ॲग्रोटेक प्रदर्शनात वाटायच्या पत्रकाला तिसरा. अक्षरं सगळी लहान इंग्रजीत ठेवा. एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल लिहिलं तर ते दोन वेगळे मोजते.

शहराच्या आकड्यावर लय भरवसा ठेवू नका. तो आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. दर्यापुरातला मोबाईल नागपूर नाहीतर मुंबईत दिसू शकते. अमरावतीचे लोक कमी दिसतात म्हणून तिकडं माल पाठवणं बंद करा, हे मला पटत नाही. त्यापेक्षा ऑर्डरवरचा पिनकोड पाहा, माल तर तिथंच पोचते.

जाहिरातीचं आता नवी तूर निघाल्यावर ठरवू. तोवर टॅगवाल्या लिंका सुरू केल्या आहेत.