रंगाची गरज आणि यीस्टची भूक

नाशिक जिल्ह्यात जानेवारीअखेरीस वाइनच्या द्राक्षांची काढणी सुरू झाली की बागेला दिलेल्या खतांचा हिशेब वाइनरीच्या टाकीत मांडला जातो. शिराझसारखी लाल जात हाताळणाऱ्याला तेव्हा दर हंगामात हाच अनुभव येतो, की नत्र आवरले तर सालीला रंग चढतो, पण रसातील साखरेपासून मद्यार्क तयार करणारे यीस्ट मात्र त्याच नत्रावाचून उपाशी राहते.

मण्यात पाणी उतरू लागते, म्हणजे मणी मऊ पडून त्यात साखर भरू लागते, तेव्हाच सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होऊ लागते. या सुमारास नत्र जास्त झाले तर शेंडे वाढतच राहतात, पानांची दाटी होऊन घड सावलीत जातात आणि रंग फिका पडतो. अशा वेलीचा मणी चिमटीत चिरडला तर बोटाला जेमतेम गुलाबी छटा लागते, तर आटोक्यात वाढलेल्या वेलीची साल गडद जांभळा डाग सोडते. पालाश अति झाले तर ते टार्टारिक आम्लाशी संयोग पावून स्फटिकरूपाने तळाशी बसते, रसाचा सामू वाढतो आणि वाइनच्या लाल रंगाची झळाळी उतरते. म्हणूनच जाणता बागायतदार पानदेठ परीक्षण करून खताचे प्रमाण ठरवतो.

या काटकसरीचा परिणाम टाकीत दिसतो. यीस्टला स्वतःची प्रथिने घडवण्यासाठी अमोनियम आणि अमिनो आम्ले लागतात. द्राक्षरसात मुबलक असणारे प्रोलीन मात्र त्याला प्राणवायूवाचून वापरता येत नाही. वापरता येण्याजोगे नत्र लिटरला साधारण 140 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर किण्वन रखडण्याची भीती असते आणि साखर जितकी अधिक तितकी ही गरज वाढते. नत्राअभावी यीस्टच्या पेशीत तयार झालेला सल्फाइड अमिनो आम्लांत बांधला जात नाही आणि हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो. नळाखाली धरलेल्या पेल्याला तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येतो, सालींचा थर वर उचलला जाणे मंदावते आणि घनतामापकाचा आकडा सकाळ-संध्याकाळ एकाच जागी अडून राहतो.

त्यावरचा उपाय वास येण्याआधीच करावा लागतो. रस निघताच नत्र मोजून डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीच्या डीएपीचे खाद्यपदार्थांसाठीचे शुद्ध रूप, हप्त्याहप्त्याने आणि मुख्यतः साखरेचा सुमारे एक तृतीयांश भाग संपेपर्यंत दिले जाते. पुढे मद्यार्क वाढला की यीस्टला नत्र शोषता येत नाही आणि उरलेले पोषण वाइन बिघडवणाऱ्या जंतूंच्या उपयोगी पडते. नत्राची तूट अशी टाकीत भरून काढता येते, पण बागेत न चढलेला रंग सालीतून काढता येत नाही; म्हणून लाल वाइनसाठी बागेने रंगाची बाजू धरावी आणि यीस्टच्या भुकेची जबाबदारी वाइनरीने उचलावी, हेच इष्ट ठरते.