हाल्ब आख्टची वेळ

कल्याणहून सुटलेली स्लो डोंबिवलीत शिरली. लेडीज डब्यात भाचीने माझ्यासाठी चौथी सीट धरून ठेवली होती. मी टेकते न टेकते तोच तिने एक कागद पुढे केला. एका दिवसाचं वेळापत्रक, काही तास भरलेले, काही रिकामे. तसाच दुसरा तिच्याकडे, वेगळ्या वेळांचा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन भाषेच्या ए-टू परीक्षेत बोलण्याच्या शेवटच्या भागात हेच असतं. दोघांनी एकमेकांना विचारत, दोघांनाही जमेल अशी वेळ शोधायची.

भाची नर्स आहे. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला साधारण बी-टूपर्यंत मजल मारावी लागते. ए-टू ही दुसरी पायरी. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ देण्याचा करार केला, तेव्हापासून घरात हा विषय आहे.

"पास्ट एस दीअर उम हाल्ब आख्ट?" तिने विचारलं.

"साडेआठ ना?"

"नाही गं मावशी, साडेसात! आठव्यातला अर्धा."

कोपर गेलं तरी मी त्यातच अडकले होते. आणि एकदम आठवलं, आपलं 'अडीच' असंच तर झालंय. मूळ संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूस घड्याळात आजही तसंच मोजतो. 'पास्ट एस दीअर'मधलं 'दीअर' म्हणजे 'तुला'. तुला जमेल का? आपल्यासारखंच, जमते ती वेळ, माणसाला. 'उद्या येते' हे आपण जसं वर्तमानकाळातच म्हणतो, तसं तेही म्हणतात. हे सांगितल्यावर पोरीचा चेहरा उजळला. क्लासमध्ये सगळं इंग्रजीवरून समजावतात. मराठी आधाराला घेतली तर वाट किती सोपी होईल, असं मला मनापासून वाटतं.

दिव्याला गर्दी आत घुसली आणि कागद छातीशी धरावे लागले. मुंब्र्याला एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडे खाडीचं चकाकतं पाणी. तिने बाहेर पाहिलंही नाही. तिला छळत होतं ते 'नाही' म्हणणं. आपण 'बघू, कळवते' म्हणून सोडून देतो. तिथे आधी 'लायडर', म्हणजे दुर्दैवाने, मग कारण, आणि लगेच दुसरी वेळ सुचवायची. "इश हाबे श्पेटडीन्स्ट," ती पुटपुटली. माझी दुपारपाळी आहे. या वाक्याला मात्र ती अडखळली नाही. रोजचंच आहे तिचं.

कळवा गेलं. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या ठाण्यात थांबली, तिथे आम्ही उतरलो. तिचा क्लास नौपाड्यात. पुलाच्या पायऱ्यांशी मी तिचा हात धरला.

"हास्ट डू आम झोनटाग त्साइट?" रविवारी वेळ आहे का तुला? हा प्रश्न कागदावरचा नव्हता.

तिने मोबाइलमध्ये ड्युटीचा तक्ता उघडला.

"लायडर नाइन, मावशी. रविवारी दिवसभर ड्युटी. बुधवारी ऑफ आहे. हाल्ब फ्युन्फ?"

"साडेचार," मी म्हटलं. "पुरणपोळ्या करून ठेवते."