धूर, अनुमान आणि हात

जुनीं इटालियन एंजिनें घरीं उघडून बसणें हा धनिकांचा छंद होय, अशी सर्वसामान्य समजूत आहे. परंतु एक इटालियन एंजिन आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांत साठ वर्षांपूर्वींच शिरलें आणि इतकें घरचें झालें कीं, त्याचें कुलगोत्र विचारण्याचें कोणास सुचेनासें झालें. तें म्हणजे लॅम्ब्रेटा स्कूटरचें एंजिन.

मिलान शहराच्या लाम्ब्राते भागांत फेर्दिनांदो इन्नोचेन्ती ह्यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें त्याची धूळधाण झाली. युद्धानंतर हलाखींत पडलेल्या लोकांस स्वस्त वाहन हवें, हें जाणून त्यांनीं १९४७ सालीं ही स्कूटर विकावयास काढिली. स्थळावरून तिचें नांव पडलें. पुढें मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ती येथें जुळवून विकूं लागली. इटलींत तिचें उत्पादन बंद पडल्यावर १९७२ च्या सुमारास तिकडील यंत्रसामुग्री आपल्या सरकारनें विकत घेऊन लखनौस आणिली.

आमच्या घरची लॅम्ब्रेटा माझ्या वडीलबंधूंनीं १९६८ सालीं घेतलेली. ते निवर्तल्यापासून ती पडवींत उभी होती. गेल्या पावसाळ्यांत मीं व पुतण्यानें ती चालू केली, तों मागून धुराचे लोट निघूं लागले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दसऱ्यापर्यंत हा धूर थांबला तर गाडी ठेवूं, नाहींतर भंगारवाल्यास देऊन टाकूं.” बंधूंच्या हाताची, अजून वापरतां येईल अशी ती एकच वस्तु घरांत उरली होती.

एका कारागिरानें पाहतांक्षणींच सिलिंडर झिजल्याचें सांगितलें. मला तें पटेना. ह्या जातीच्या एंजिनांत पेट्रोलमध्येंच तेल मिसळावें लागतें. तेव्हां थोडा निळसर धूर हा त्याचा स्वभावच. हा धूर मात्र पांढरा, दाट, आणि एंजिन तापलें तरी न ओसरणारा. धुरावरून अग्नीचें अनुमान हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ. येथें अग्नि ठाऊकच होता. कोणतें तेल जळतें, एवढाच प्रश्न होता, आणि त्यास धूर हा एकटा हेतु पुरेसा नव्हता.

क्रँकच्या कोठडीस लागूनच साखळीची व गिअरांची पेटी असते. दोहोंमध्यें रबराचें कडें, म्हणजे ऑइल सील असतें. तें फाटलें कीं पिस्टनच्या ओढीनें गिअरचें तेल क्रँककडे खेचलें जातें. म्हणजे दोष सीलचा असेल तर पेटींतलें तेल घटलें पाहिजे. सिलिंडरचा असेल तर तें घटूं नये, उलट किक हलकी पडावी. किक तर चांगली जड लागत होती. आम्हीं सातशें मिलिलिटर तेल मोजून भरलें, आठ दिवस गाडी गल्लींत फिरविली व तें पुन्हां काढून मोजलें. दोनशें मिलिलिटर कमी! पेटीस चिकटून राहिलेलें वजा केलें तरी घट मोठीच. आणि फरशीवर एक थेंबही नव्हता.

येथवर काम बुद्धीचें. पुढें क्लच उतरविला, साखळी काढिली, स्क्रू सोडविले. एकेक भाग पुतण्यानें जुन्या ताटांत क्रमानें मांडिला. श्लोकाचा पदच्छेद करितांना शब्द सुटे करावे, पण स्थान विसरूं नये, तसें. शेवटीं सील हातांत आलें. तें लांकडासारखें कडक झालें होतें व त्याच्या कडेस चीर होती. पुतण्या म्हणाला, “काका, तुमचा हेतु खरा ठरला!” मीं म्हटलें, “अरे, आतां प्रत्यक्ष हातांत आहे; हेतूचें काम संपलें.”

नवें सील बसविल्यावर धूर विरळ झाला. दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ वहिनींनीं स्वतः घातली. मात्र तेलकट हातांनीं स्वयंपाकघरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीदही दिली.

आपल्या घरांतून अनुमानाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या झाला, पण पान्हा दुसऱ्याच्या हातीं राहिला. आम्ही मुलांस व्याप्ति शिकविली. ती तपासून पाहण्यास हात काळे करावे लागतात, हें शिकवावयाचें राहून गेलें. ज्यांच्या पडवींत असें एखादें जुनें यंत्र पडून असेल, त्यांनीं तें विकण्यापूर्वीं घरांतल्या एखाद्या मुलास बरोबर घेऊन एकदां उघडून पाहावें, एवढीच विनंति.