उताराची वाट

नाशिकच्या इंदिरानगरातून डिसेंबरात सायकल काढावी ती पूर्वेला. नांदूर नाका मागे पडतो, माडसांगवी येते आणि पाय एकदम हलके होतात. मोटारीतल्या माणसाला हा रस्ता सपाट वाटतो. तो सपाट नाही हे गुडघ्यांनाच कळतं. गोदावरी जिकडे उतरते, तिकडेच आपणही निघालेले असतो.

दोन्ही अंगांना द्राक्षबागा. निफाडचा गारठा राज्यभर ठाऊक आहे. पारा फारच उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुटतं. आधी तो धूर, मग ओली माती, मग फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प. मांडवाखाली बायका मान वर, हात वर करून उभ्या. गोडी छाटणी उरकून आता विरळणी चाललेली: घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या, पाण्यात बुडवायचा, की पुढचा घड. एकेका एकरात हजारो घड आणि एकही घड माणसाच्या हाताशिवाय वाढत नाही. यातले बरेच हात वरच्या डोंगरांतल्या पेठ-सुरगाण्याचे. तिकडे भात-नागली घरात आली की काम संपतं आणि कुटुंबंच्या कुटुंबं डोंगर सोडून खाली येतात. दुकानातल्या द्राक्षांच्या पेटीवर गावाचं नाव असतं, देशाचं असतं. या बायकांचं नसतं. मला ते दरवर्षी लागतं.

चांदोरीला नदी ओलांडून सायखेडा. पुढे वाफ्यांत उन्हाळ कांद्याची लागण चाललेली. बांधावर थांबलो तर एक मावशी रोपांची जुडी हातात धरूनच विचारतात, "कुठून आला रे बाबा?"

"नाशिकहून. नांदूर मधमेश्वरला चाललोय."

"पाखरं बघायला का? जा, लई आलीत यंदा. आधी पाणी पी."

गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साठला, दलदल झाली, बेटं झाली, तिथे पाखरं उतरू लागली. 2020 मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या काठावरून चक्रवाकांचे थवे बघताना वाटतं, तो गाळ म्हणजे वरच्या शिवारांतून धुपून आलेली माती. माती, पाणी, मजूर, सगळंच या उतारावरून येतं.

परतीला तोच उतार चढ होतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर. तेव्हापासून आमच्या शहरात लांब पल्ल्याचं वेड वाढलं. मला मात्र हा लहानसा चढच मोठा वाटतो. शिमग्याला बागांतली माणसंही हाच चढ चढून घरी निघतील, जीपमध्ये भांडी, गोणी, लेकरं दाटीवाटीने कोंबून. तोवर उक्त्याचे सगळे पैसे त्यांच्या हातात पडलेले असोत.