तोकड्या हाताचं काम

कोपराखाली दोन-तीन इंचांवर संपणारा हात घेऊन जन्मलेलं मूल माझ्याकडे आलं, की मी लगेच टेप काढत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा त्याच्यापुढे ठेवते आणि बघत बसते. कुणी डबा पोटाशी आवळतं, कुणी कोपराच्या बेचक्यात धरतं, कुणी गुडघ्यांत दाबून झाकण काढतं. कृत्रिम हात बनवणं हा माझा व्यवसाय. पण या मुलाला तो हवा का आणि कुठल्या कामासाठी हवा, ते मापांतून कळत नाही.

अपघातात हात गमावलेल्या माणसाला गेलेला हात आठवतो, रात्री-अपरात्री दुखतोही. या मुलांनी काही गमावलेलंच नसतं. जेवढा हात आहे तेवढा त्यांच्या लेखी पुरता आहे. आमच्या व्यवसायानंही हे उशिरा मान्य केलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या श्रायनर्स रुग्णालयांतून एक पाहणी प्रसिद्ध झाली. एक हात जन्मतः कोपराखाली अपुरा असलेली ४८९ मुलं तीत होती. ३२१ कृत्रिम हात वापरणारी आणि १६८ न वापरणारी. रोजची कामं किंवा जगण्यातलं समाधान, कशातच कृत्रिम हातानं म्हणण्यासारखी भर पडलेली दिसली नाही. ठरावीक कामांचं अवजार म्हणून आणि चारचौघांत वावरताना मात्र त्याची मदत होऊ शकते, एवढंच त्या डॉक्टरांनी म्हटलं.

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत हे मला डोळ्यांनी बघायला मिळालं. हा धानाचा मुलूख. रोवणीत डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी आणि उजव्या हातानं चिखलात रोप. कापणीत डाव्या मुठीत धान आणि उजव्यात विळा. त्यामुळे पोरीचा डावा हात तोकडा असला (आणि अशी कमतरता डाव्या हातातच जास्त आढळते) की घरच्यांचा पहिला प्रश्न बांधीतल्या कामाचा असतो, दुसरा लग्नाचा. इथल्या एका शाळकरी मुलीनं पहिल्याचं उत्तर मला बांधीत उतरून दाखवलं. तिनं जुडी कोपरात दुमडून धरली आणि आईच्या ओळीनं रोवत गेली. जुडी सैल पडली की तिला न बघता कळत होतं, कारण त्या टोकाला कातडी आहे, स्पर्श आहे. मी सॉकेट, म्हणजे कृत्रिम हाताचा आखूड हातावर बसणारा पोकळ भाग, चढवला की तो स्पर्श झाकला जातो. वर विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात प्लास्टिकच्या आत घामानं हात शिजतो, पावसाळ्यात आत चिखल जातो.

तरी काही मुलांना हात लागतो, आणि तो बनवताना मी जीव ओतते. आधी हातावर सुती मोजा, त्यावर प्लास्टरची ओली पट्टी. पुष्कळ मुलांच्या हाताच्या टोकाला डाळीएवढे बोटांचे कोंब असतात. त्यांना दाब सोसत नाही. पट्टी सुकेपर्यंत कोपराच्या दोन्ही बाजूंची हाडं बोटांनी धरून ठेवायची, कारण पुढे सॉकेट त्यांच्याच आधारानं टिकणार असतो. साच्यात प्लास्टर ओतून हाताची प्रतिकृती काढायची आणि कानस घेऊन बसायचं. जिथे मांस दाब झेलतं तिथे घासायचं, जिथे हाड टोचेल किंवा कोंब आहेत तिथे भर द्यायची. मग तापलेली पॉलिप्रॉपिलीनची शीट त्यावर ओढायची. पंजाच्या जागी पकडीचा हुक लावायचा असेल तर त्याचा पट्टा दुसऱ्या काखेतून जातो. मुलानं खांदा पुढे नेला की केबल ताणली जाऊन हुक उघडतो, आणि रबर बँड तो मिटवतात. एकेक रबर वाढवला की पकड साधारण अर्ध्या किलोनं वाढते. चिमुरड्याला एका रबरावरच सुरुवात करून द्यावी.

एवढं करून मूल वाढतंच. पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी आणि पुढे बाराव्या वर्षापर्यंत साधारण दीड-दीड वर्षानं सॉकेट बदलावा लागतो. म्हणून एकदा वाटप करून निघून जाणारी शिबिरं मुलांच्या उपयोगाची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. रोटरीमार्फत मोफत मिळणारा एलएन-४ हात अनेक मोठ्या माणसांच्या कामी आला आहे. पण त्याला कोपराखाली पुरेशी लांबी लागते, आणि ती या मुलांकडे बहुधा नसते.

हाताऐवजी मी बऱ्याचदा भलतंच काहीतरी देऊन येते. फळीवर पक्का बसवलेला नेलकटर, म्हणजे आखूड हातानं दाबून चांगल्या हाताची नखं स्वतःची स्वतः कापता येतात. सलवारीला नाडीऐवजी इलॅस्टिक. सायकलचे दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर. दोन्ही हातांविना जन्मलेल्या, पायानं धनुष्य पेलून २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत कांस्यपदक मिळवणाऱ्या शीतल देवीचा व्हिडिओ पालक मोबाइलवर दाखवतात. बघून मलाही भरून येतं. पण दिघोरीच्या मुलीनं आधी स्वतःची वेणी स्वतः घालावी; पदकाचं ओझं तिच्यावर नको.

सगळ्यात अवघड काम मात्र आईशी बोलण्याचं. "ग्रहणात माह्या हातून भाजी कापल्या गेली, म्याडम," हे वाक्य मी किती आयांकडून ऐकलं असेल! सासू ऐकत असते, नवरा खाली बघत असतो. मी सगळ्यांसमोर सांगते: ताई, हाताचा कोंब गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात फुटतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटंसुद्धा सुटी झालेली असतात. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन आशाताईकडे नाव नोंदवेपर्यंत तो हात बहुतेक घडून गेलेला असतो. विळी, सुरी, ग्रहण यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. औषधानं असं झाल्याचं जगानं पाहिलं आहे. थॅलिडोमाइड ही गोळी १९५७ ते १९६१ या काळात विकली गेली आणि दहा हजारांवर बाळं बाधित झाली. पण एकच हात असा मध्येच थांबलेला असतो, तेव्हा बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, आणि तो सहसा आनुवंशिकही नसतो. हाताच्या अंगठ्याची बाजूच अपुरी असेल, मनगट तिकडे वळलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हाताआधी हृदय, मूत्रपिंड आणि रक्त तपासायलाच हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतो. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत नऊ नावं आहेत. वाकडं पाऊल तीत आहे, अपुरा हात नाही. ते नाव यादीत यायला हवं. तोवर आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक यांनीच डोळे उघडे ठेवावेत. असं बाळ दिसलं तर ते सहा महिन्यांचं व्हायच्या आत पुनर्वसन तज्ज्ञाकडे पाठवा, जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून द्या. आणि आईला सांगा, लांब बाहीत तो हात झाकू नको; बाही कोपराच्या वर कापून टाक, बाळाला त्या हातानं सगळं चाचपू दे.